परदेशी चार्टर विमाने आणि देशांतर्गत वाहतूक: नियम राबवायचे कसे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आमची तीन विमानांची देशांतर्गत चार्टर कंपनी आहे, म्हणजे आम्ही मागणीनुसार अख्खे विमान भाड्याने देतो. परदेशी नोंदणीची विमाने आमच्या देशात येतात, इथल्याच दोन शहरांमध्ये पैसे घेऊन प्रवासी नेतात आणि आम्ही सोसतो तो परवाना, कर, तपासण्या यांचा कोणताही खर्च न सोसता निघून जातात. नियम तर आहेत. मग सरकार या विमानांवर सरसकट बंदी का घालत नाही?’

मी चौदा वर्षे एका नागरी विमान वाहतूक नियामक संस्थेत परदेशी विमानांच्या परवानग्या आणि रॅम्पवरील, म्हणजे विमानतळावर विमाने उभी राहतात त्या जागेवरील, तपासण्या पाहिल्या आहेत आणि आता देशांतर्गत ऑपरेटरांना, म्हणजे विमाने चालवणाऱ्या कंपन्यांना, याच विषयावर सल्ला देतो. तुम्ही देशाचे नाव लिहिलेले नाही, त्यामुळे तुमच्या कायद्यातील नेमके कलम मला सांगता येणार नाही. पण या व्यवहाराची मूळ घडण बहुतेक देशांत सारखी आहे, कारण ती एकाच आंतरराष्ट्रीय करारातून आलेली आहे. तुमचे गाऱ्हाणे खरे आहे. मात्र तुमची अडचण नियमांच्या अभावाची नाही, पुराव्याच्या अभावाची आहे. कोणी कोणाला कशासाठी पैसे दिले हे सिद्ध करता आले नाही, तर कितीही कडक नियम केला तरी तो फाइलमध्येच राहतो. आणि हा पुरावा मिळण्याची वेळ फार थोडी असते, ती विमान उडाले की संपते.

आधी बंदीबद्दल. परदेशी चार्टर विमान परदेशातून प्रवासी घेऊन येते तेव्हा ते तुमचे गिऱ्हाईक पळवत नाही. ते प्रवासी एरवी तुमच्या विमानाने आलेच असते असे नाही. उद्या तुमचेच विमान एखाद्या गिऱ्हाइकाला घेऊन शेजारच्या देशात जाणार असेल, तर तिथला अधिकारी पहिल्यांदा हेच पाहील, की तुमचा देश त्याच्या विमानांना कसे वागवतो. परस्परता हा या क्षेत्रातील सर्वांत जुना आणि सर्वांत परिणामकारक हिशेब आहे. म्हणून रोखायचे आहे ते परदेशी विमानाचे येणे नव्हे, तर त्याने देशातल्या देशात मोबदल्यावर वाहतूक करणे. या दोन गोष्टी एकत्र करून मागणी केली की ती फेटाळली जाते आणि खरा मुद्दाही तिच्याबरोबर वाहून जातो.

7 डिसेंबर 1944 रोजी शिकागो येथे स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारात हा फरक स्पष्ट आहे. पहिले कलम प्रत्येक देशाला आपल्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व देते. सहावे कलम वेळापत्रकानुसार चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय सेवांना विशेष परवानगीशिवाय मज्जाव करते. पाचवे कलम वेळापत्रकाबाहेरच्या उड्डाणांना, म्हणजे आपल्या चार्टरना, अधिक मोकळीक देते. परंतु ही उड्डाणे भाड्याने किंवा मोबदल्यावर वाहतूक करणारी असतील, तर ज्या देशात प्रवासी चढवायचे अथवा उतरवायचे आहेत त्या देशाला नियम, अटी आणि मर्यादा घालण्याचा अधिकार ते राखून ठेवते. व्यवहारात जवळजवळ प्रत्येक देश याच वाक्याच्या आधारे चार्टरसाठी पूर्वपरवानगी मागतो. आणि सातवे कलम कॅबोटाजचे, म्हणजे एकाच देशातील दोन ठिकाणांमधील वाहतुकीचे आहे. हा शब्द किनाऱ्या-किनाऱ्याने चालणाऱ्या जहाज वाहतुकीतून आला. आपल्या हद्दीतील एका ठिकाणी भाड्याने प्रवासी, टपाल किंवा माल घेऊन आपल्याच हद्दीतील दुसऱ्या ठिकाणी नेण्याची परवानगी परक्या विमानाला नाकारण्याचा हक्क हे कलम प्रत्येक देशाला देते.

या कलमातील एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. ते देशाला नकाराचा हक्क देते, नकाराची सक्ती करत नाही. मात्र अशी सवलत एखाद्याच देशाला किंवा एखाद्याच विमान कंपनीला मुद्दाम एकाधिकार म्हणून देऊ नये, असेही ते सांगते. युरोपीय संघाने एप्रिल 1997 पासून आपल्या सदस्य देशांच्या विमान कंपन्यांना एकमेकांच्या देशांतर्गत मार्गांवर पूर्ण मुभा दिली आहे, तर चिलीने 2012 मध्ये आपले देशांतर्गत आकाश एकतर्फीच खुले केले. त्यामुळे तुमच्या देशाने काय ठरवले आहे ते आधी तपासा: देशांतर्गत कायदा, आणि ज्या देशाचे विमान आहे त्या देशाशी झालेल्या द्विपक्षीय करारातील चार्टरविषयक कलम. मी ऑपरेटरांच्या तक्रारी वाचायला घेत असे तेव्हा बऱ्याच तक्रारी इथेच संपत, कारण ज्याला ते चोरी म्हणत होते ते करारात लिहून दिलेले असे.

काय कॅबोटाज नाही, हेही नीट समजून घ्या, म्हणजे तुमची तक्रार हास्यास्पद ठरणार नाही. परदेशी विमान एका शहरात प्रवासी उतरवून रिकामेच दुसऱ्या शहरात जाते आणि तिथून प्रवासी घेऊन परदेशी जाते, हे वैध आहे. त्या मधल्या टप्प्यात मोबदल्यावर कोणालाही नेलेले नाही. परदेशातून आलेला एकच गट चार दिवस एका शहरात राहून त्याच विमानाने दुसऱ्या शहरात जातो आणि तिथून मायदेशी परततो, इथे मात्र देशागणिक उत्तर बदलते. काही देश संपूर्ण फेरी एकाच आंतरराष्ट्रीय कराराचा भाग मानतात आणि गटात इथला नवा माणूस मिसळलेला नाही एवढेच पाहतात. काही देश दोन्ही शहरे आपल्या हद्दीत आहेत एवढ्यावरच नाही म्हणतात. आणि विमानाचा मालक स्वतःच्या खर्चाने, कोणाकडूनही पैसे न घेता आपल्या पाहुण्यांना देशभर फिरवत असेल, तर ती खासगी वाहतूक आहे. सगळी पळवाट या शेवटच्या वाक्यातूनच निघते.

नियम मोडणारे दोन प्रकारचे असतात आणि त्यांना एकाच मापाने मोजू नये. पहिला म्हणजे स्वतःच्या देशाचे एअर ऑपरेटर प्रमाणपत्र (मोबदल्यावर विमान वाहतूक करण्याचा परवाना) असलेली, एरवी नीट चालणारी परदेशी चार्टर कंपनी, जी दोन आंतरराष्ट्रीय फेऱ्यांच्या मध्ये विमान रिकामे उभे आहे म्हणून एक देशांतर्गत फेरी मारून घेते. तिने तुमचा धंदा घेतला, पण तिचे वैमानिक व्यावसायिक परवान्याचे आहेत, तिचा विमा व्यावसायिक आहे आणि तिच्यावर तिच्या देशाची देखरेख आहे. दुसरा म्हणजे खासगी वापरासाठी नोंदवलेले परदेशी विमान, ज्याच्या मालकाकडे असे प्रमाणपत्रच नाही आणि जो दलालामार्फत जागा विकतो. इथे प्रश्न तुमच्या उत्पन्नापुरता राहत नाही. खासगी उड्डाणाला वैमानिकांचे कामाचे तास, प्रशिक्षण, देखभाल यांचे जे सैल मापदंड लागू असतात, ते ‘मी माझ्या जोखमीवर उडतो’ या गृहीतावर उभे असतात. पैसे देऊन बसलेल्या प्रवाशाने ती जोखीम स्वीकारलेली नसते. त्याला ती ठाऊकही नसते.

21 जानेवारी 2019 च्या रात्री फ्रान्समधील नांत येथून कार्डिफला निघालेले एक इंजिनाचे पायपर मालिबू विमान इंग्लिश खाडीत कोसळले आणि फुटबॉलपटू एमिलियानो साला व वैमानिक दोघेही मृत्युमुखी पडले. विमान अमेरिकी नोंदणीचे होते, वैमानिकाकडे व्यावसायिक परवाना नव्हता आणि रात्री उड्डाण करण्याची पात्रताही नव्हती. ब्रिटिश अपघात तपास शाखेच्या अहवालात एक्झॉस्टमधून आत आलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा उल्लेख आहे, तसेच हे उड्डाण आवश्यक परवानगीशिवाय व्यावसायिक स्वरूपात केले गेल्याचाही. उड्डाण जुळवून देणाऱ्या व्यक्तीला नोव्हेंबर 2021 मध्ये 18 महिन्यांची शिक्षा झाली. हा कॅबोटाजचा खटला नव्हता, कारण मार्ग दोन देशांमधला होता. पण परदेशी नोंदणी, खासगी दर्जा आणि मध्ये पैसे, ही तुम्ही वर्णन केलेलीच रचना आहे. धोरण आखणाऱ्यांसमोर बोलताना मी नेहमी या बाजूने सुरुवात करतो, कारण देशांतर्गत उद्योगाचे संरक्षण आणि प्रवाशाचे संरक्षण इथे एकाच कागदावर येतात.

आता पुराव्याकडे. माझ्या सुरुवातीच्या काळात आम्ही एका संशयित विमानाला जाऊ दिले आणि कागदपत्रे पत्राने मागवली. काही महिन्यांनी जे उत्तर आले त्यात व्यवस्थित टाइप केलेला भाडेपट्टा होता: प्रवाशांपैकी एकाने ते विमान चालक दलाशिवाय भाड्याने घेतले होते, वैमानिक त्याने वेगळ्या कंपनीकडून नेमले होते, आणि म्हणून ते उड्डाण त्याचे स्वतःचे खासगी उड्डाण होते. भाडेपट्ट्यावरची तारीख उड्डाणाच्या आदल्या दिवसाची होती. तो नंतर तयार केला आहे याविषयी आमच्यापैकी कोणालाच शंका नव्हती, पण सिद्ध करायला हातात काही नव्हते, आणि प्रकरण बंद करावे लागले.

त्यानंतरचे एक प्रकरण मी अधिक तपशिलाने सांगतो, कारण काम कसे होते ते त्यातून कळेल. आठ आसनांचे एक जेट ‘खासगी, मालकाचे पाहुणे’ अशा परवानगीवर देशात येऊन पाच दिवस झाले होते आणि चौथ्या देशांतर्गत फेरीसाठी रॅम्पवर उभे होते. आमच्या हातात दोन कागद होते: देशात येताना दिलेले जनरल डिक्लरेशन (विमानाच्या आगमनाचे अधिकृत घोषणापत्र), ज्यात तीन प्रवाशांची नावे होती, आणि त्या सकाळी हँडलिंग एजंटने, म्हणजे विमानतळावर विमानाला जमिनीवरच्या सेवा पुरवणाऱ्या कंपनीने, दिलेली प्रवासी यादी, ज्यात सहा नावे होती. एकही नाव दोन्हीकडे नव्हते. आलेले तिघे केव्हाच दुसऱ्या कंपनीच्या विमानाने परत गेले होते. कॅप्टनने शांतपणे सांगितले, की हे सगळे मालकांचे स्नेही आहेत.

मी प्रवाशांना एकेकाला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला: विमानाचे मालक कोण? दोघांनी एका बुकिंग एजन्सीचे नाव सांगितले. एका वयस्कर बाईंनी काहीच न लपवता फोनवर आलेले दरपत्रक पुढे केले; त्यात रक्कम होती, जेवणाचा खर्च धरलेला होता आणि खाली ‘संपूर्ण भरणा झाल्यावरच आरक्षण निश्चित होईल’ असे वाक्य होते. त्यानंतर मी कॅप्टनकडून विम्याचे प्रमाणपत्र मागून घेतले. वापराच्या रकान्यात स्पष्ट लिहिले होते, की खासगी वापर, भाड्याची वाहतूक वगळून. ते वाचून कॅप्टन बराच वेळ गप्प राहिले. त्यांनी तो कागद त्याआधी कधी वाचलाच नव्हता असे ते म्हणाले, आणि मला ते खरे वाटले. बाईंना मी समजावले, की अपघात झाला असता तर विमा कंपनी हात वर करू शकली असती. त्यांनी विचारले, ‘मग आम्हाला हे कोणी सांगितलं का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी नियामकाची होती, आणि त्या दिवसापासून परवानगीच्या अर्जाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. ते उड्डाण थांबले आणि प्रवासी संध्याकाळी एका देशांतर्गत ऑपरेटरच्या विमानाने गेले.

या प्रकरणात कोणताही नवा नियम वापरलेला नव्हता, हे लक्षात घ्या. शिकागो कराराच्या सोळाव्या कलमाने उतरलेल्या वा निघणाऱ्या परदेशी विमानाची झडती घेण्याचा आणि प्रमाणपत्रे तपासण्याचा अधिकार दिलेलाच आहे, आणि एकोणतिसाव्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, चालक दलाचे परवाने, प्रवास नोंदवही आणि प्रवासी असतील तर त्यांची नावे व चढण्या-उतरण्याच्या ठिकाणांसह यादी विमानात असावीच लागते. सोळाव्या कलमात एक अट आहे: तपासणीने अवाजवी विलंब होऊ नये. म्हणून निरीक्षकाने रॅम्पवर पोचण्याआधी तयारी केलेली असली पाहिजे. प्रश्न कोणते, कागद कोणते, कोणता कागद कशाशी ताडायचा हे आधी ठरलेले असेल, तर पाऊण तासात चित्र स्पष्ट होते. ठरलेले नसेल, तर तीन तास विमान अडवूनही हाती काही लागत नाही आणि पुढच्या आठवड्यात परराष्ट्र खात्यामार्फत निषेधाचे पत्र येते.

ही तयारी बहुतांशी आधीपासून सरकारकडे असलेल्या माहितीतून होते. उदाहरण म्हणून उड्डाण आराखडा, म्हणजे उड्डाणाआधी भरून द्यायचा अर्ज, घ्या. त्याच्या आठव्या रकान्यात उड्डाणाचा प्रकार एका अक्षराने लिहावा लागतो: वेळापत्रकाच्या सेवेसाठी एस, वेळापत्रकाबाहेरच्या हवाई वाहतुकीसाठी एन, सामान्य खासगी उड्डाणासाठी जी. अठराव्या रकान्यात ऑपरेटरचे नाव देता येते. आता एकच विमान परदेशातून येताना ‘एन’ लिहिते आणि देशातल्या देशात फिरताना ‘जी’ लिहिते, किंवा खासगी परवानगीवरचे विमान दहा दिवसांत सहा शहरे करते, तर ही विसंगती कोणीही माणूस रॅम्पवर न जाता टेबलावर बसून पाहू शकतो. अडचण अशी, की उड्डाण आराखडा हवाई वाहतूक नियंत्रणाकडे असतो, परवानगी नियामकाकडे, प्रवासी यादी इमिग्रेशनकडे, विमानाच्या तात्पुरत्या आयातीची नोंद कस्टम्सकडे आणि बिले विमानतळाकडे. प्रत्येकाला आपापला तुकडा दिसतो. मी काम केलेल्या काळात सर्वाधिक फरक कशाने पडला असेल, तर या पाच ठिकाणांहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या साध्या तक्त्याने. तो एकत्र ठेवला की संशयित विमाने दहा-पंधरा मिनिटांत वर येत.

दुसरी सुधारणा अर्जातच करता येते. परवानगीच्या अर्जात ‘उड्डाणाचा हेतू’ असा मोकळा रकाना ठेवला की त्यात काहीही लिहिता येते. त्याऐवजी अर्जदाराकडून नेमके विधान घ्यावे: या उड्डाणासाठी कोणीही, कोणत्याही रूपात, कोणालाही मोबदला दिलेला नाही, किंवा दिला असल्यास चार्टर करणारी व्यक्ती कोण, दलाल कोण, करार कोणत्या तारखेचा. त्याबरोबर विम्याचे प्रमाणपत्र, ज्यात वापराचा प्रकार लिहिलेला असतो, आणि मालकाऐवजी दुसरा कोणी विमान चालवत असेल तर भाडेपट्टा, हेही उड्डाणाआधीच जोडायला लावावे. भाडेपट्टा आधी दाखल झाला की नंतर तयार करता येत नाही. आणि खोटे विधान हा स्वतंत्र अपराध ठरतो, जो सिद्ध करणे मूळ अपराधापेक्षा पुष्कळ सोपे असते.

भाडेपट्टा खरा की दिखाऊ, हे ओळखायला मी चार गोष्टी पाहतो. वैमानिकांना कोण आदेश देतो? देखभाल कोणाच्या जबाबदारीवर होते? हवामान बिघडले तर उड्डाण रद्द करण्याचा निर्णय कोणाचा? आणि विमान देणारी व वैमानिक देणारी कंपनी खरोखर वेगवेगळ्या आहेत, की पत्ता एकच आहे? एका दुपारपुरते विमान ‘भाड्याने’ घेणाऱ्या प्रवाशाला यातील एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, आणि हीच त्या कागदाची खरी परीक्षा आहे.

दंडाबाबत माझे मत अनेक सहकाऱ्यांपेक्षा वेगळे आहे. परदेशी ऑपरेटरवर मोठा दंड ठोठावणे वर्तमानपत्रात चांगले दिसते, पण विमान हद्दीबाहेर गेले की तो वसूल करणे अतिशय कठीण असते. त्यापेक्षा तीन गोष्टी परिणामकारक ठरतात. पहिली, त्या विमानाला आणि ऑपरेटरला पुढच्या परवानग्या ठरावीक काळ नाकारणे. दुसरी, इथला हँडलिंग एजंट आणि इथला दलाल यांना जबाबदार धरणे, कारण त्यांचा परवाना, कार्यालय आणि उत्पन्न तुमच्याच देशात असते. प्रवासी यादीतील नावे बदललेली दिसत असताना ज्याने विमान सोडले, त्याला ‘आम्ही फक्त सेवा दिली’ असे म्हणता येऊ नये. अमेरिकेने एअर चार्टर दलालांसाठी वेगळे नियम केले, ते 2019 पासून लागू झाले. विमान प्रत्यक्षात कोण चालवणार हे प्रवाशाला सांगणे हा त्यांचा गाभा आहे. तिसरी, ऑपरेटरच्या स्वतःच्या देशाच्या नियामकाला लेखी कळवणे. खासगी दर्जाच्या विमानाने परदेशात भाड्याची वाहतूक केली, हे त्याच्या नोंदणीच्या देशातही बहुधा उल्लंघनच असते, आणि तिथला नियामक जे करू शकतो ते तुम्ही करू शकत नाही. पत्र मात्र तथ्यांचे असावे: तारीख, नोंदणी क्रमांक, मार्ग, जोडलेले कागद. आरोपांनी भरलेल्या पत्राला उत्तर येत नाही.

सुरक्षा तपासणीचा वापर व्यापारी संरक्षणासाठी करण्याचा मोह या क्षेत्रात मोठा आहे आणि मी त्याच्या ठाम विरोधात आहे. परदेशी ऑपरेटरवर देखरेख ठेवणे ही खरी गरज आहे. 3 जानेवारी 2004 रोजी शर्म अल-शेख येथून निघालेले फ्लॅश एअरलाइन्सचे चार्टर विमान तांबड्या समुद्रात कोसळून 148 जण मरण पावले, त्यात बहुसंख्य फ्रेंच पर्यटक होते. आणि स्वित्झर्लंडने त्या कंपनीला आधीच आपल्याकडे मज्जाव केला होता, हे प्रवाशांना ठाऊक नव्हते. त्या धक्क्यातून युरोपीय संघाचा 2005 चा काळ्या यादीचा कायदा झाला, आणि पुढे युरोपात व्यावसायिक वाहतूक करणाऱ्या बाहेरच्या ऑपरेटरांसाठी एकच सुरक्षा मान्यता आली. पण ही मान्यता सुरक्षिततेपुरती असते; वाहतुकीचा हक्क देणे-नाकारणे हा वेगळा निर्णय राहतो. हे दोन निर्णय वेगळे ठेवलेच पाहिजेत. टायरवरचा ओरखडा दाखवून ज्याचे विमान अडवले, तो पुढच्या खेपेस खरी त्रुटी दाखवली तरी विश्वास ठेवत नाही, आणि शिकागो करारातील अकरावे कलम तर राष्ट्रीयत्वावरून भेदभाव न करता नियम लावण्यास सांगते.

आता तुम्हाला कदाचित न आवडणारा भाग. देशांतर्गत उद्योगाला संरक्षण हवे असेल, तर त्याने गरज भागवली पाहिजे. अवजड यंत्रसामग्रीसाठी आन्तोनोव्ह 124 सारखे विमान लागते, आणि ते बहुतेक देशांतील कोणत्याच ऑपरेटरकडे नसते. पुरात किंवा भूकंपात एकाच दिवशी वीस हेलिकॉप्टरे लागतात. अतिदक्षतेची सोय असलेले रुग्णवाहू विमान त्या रात्री कुणाकडेच मोकळे नसते. अशा वेळी अपवाद द्यावाच लागतो, आणि तो कसा द्यावा याचा चांगला नमुना अमेरिकी कायद्यात आहे: असाधारण परिस्थितीतून आणीबाणी निर्माण झाली असेल, देशांतर्गत कंपन्यांकडे ती वाहतूक सोपवण्याचा प्रयत्न होऊनही ती सामावली गेली नसेल, तरच परदेशी कंपनीला एका वेळी जास्तीत जास्त 30 दिवसांची देशांतर्गत मुभा मिळू शकते. त्यात कारण लिहावे लागते, मुदत असते आणि ती आपोआप वाढत नाही.

काही ठिकाणी याच तत्त्वावर देशांतर्गत ऑपरेटरांना आधी विचारण्याची पद्धत असते: परदेशी विमानाचा अर्ज आला की तुमच्यासारख्यांना कळवले जाते आणि ठरावीक वेळेत तुम्ही हे काम करू शकता की नाही हे सांगायचे असते. ही पद्धत मी चालवलेली आहे, म्हणून तिचा दुरुपयोगही पाहिला आहे. ज्याचे विमान हँगरमध्ये उघडून ठेवलेले आहे तोही ‘आम्ही उपलब्ध आहोत’ असे कळवतो, आणि परवानगी नाकारली गेली की गिऱ्हाइकाला दुप्पट भाव सांगतो. आम्ही शेवटी अशी अट घातली, की आक्षेप घेणाऱ्याने विमानाचा नोंदणी क्रमांक, उपलब्धतेची वेळ आणि बंधनकारक दर लेखी द्यावा, आणि तोही आणीबाणीच्या अर्जात दोन तासांत. निराधार आक्षेप तिथेच थांबले. तुमच्या संघटनेने सरकारकडे काही मागायचेच असेल, तर या अटींसह ही पद्धत मागा. ती मागणी अधिकाऱ्याला नाकारणे अवघड जाईल.

इथवर आलो तो धागा एकदा पकडून ठेवतो: बंदी नव्हे तर मोबदल्यावरच्या देशांतर्गत फेरीला अटकाव, त्यासाठी उड्डाणाआधी घेतलेले नेमके विधान, वेगवेगळ्या कार्यालयांतील नोंदींचा मेळ आणि तयारीने केलेली रॅम्प तपासणी, दंडापेक्षा परवानगी, एजंट आणि ऑपरेटरचा मूळ देश या तीन ठिकाणी दाब, आणि लेखी, मुदतीचे अपवाद.

राहता राहिले, तुम्ही स्वतः काय करावे. तीन विमानांच्या कंपनीकडे नियामकाला देण्यासारखी फार मौल्यवान गोष्ट असते, ती म्हणजे बाजारातील माहिती. तुमच्याकडे भाव विचारून जे गिऱ्हाईक परत आले नाही, त्याला कोणी कितीचे दरपत्रक दिले हे अनेकदा तुम्हाला कळते. ते दरपत्रक त्याच्या संमतीने मिळत असेल तर जपून ठेवा. विमानाचा नोंदणी क्रमांक, कोणत्या दिवशी कोणत्या दोन शहरांमध्ये ते गेले, कोणत्या एजंटने हाताळले, रॅम्पवर किती प्रवासी चढताना दिसले, याची तारीखवार वही ठेवा आणि फक्त पाहिलेलेच लिहा. ऐकीव गोष्ट असेल तर ती ऐकीव म्हणून लिहा. प्रवाशांची किंवा वैमानिकांची छायाचित्रे काढू नका, ती तुमच्याच अंगावर येतात. ‘परदेशी विमाने धंदा बुडवत आहेत’ अशा मथळ्याची निवेदने माझ्या टेबलावर ढिगाने येत आणि त्यांच्यावर मी प्रामाणिकपणे काहीही करू शकत नसे. पण एका छोट्या ऑपरेटरने एकाच नोंदणी क्रमांकाच्या अकरा फेऱ्यांची तारखांसह यादी पाठवली, तेव्हा ती आमच्या नोंदींशी ताडायला मला एक संध्याकाळ पुरली.

आणि शक्य असेल तेव्हा दुसऱ्या दिवशी सविस्तर पत्र लिहिण्याची वाट पाहू नका. तुमच्या नियामक संस्थेत परदेशी विमानांची तपासणी कोण पाहते, ती व्यक्ती सुट्टीच्या दिवशी कोणत्या क्रमांकावर भेटते, हे आजच विचारून ठेवा आणि विमान रॅम्पवर उभे असतानाच कळवा.